वेप, निकोटिन आणि घरातलं मुकं जनावर

ई-सिगारेट, मुलांच्या भाषेत 'वेप', आपल्या देशात २०१९च्या कायद्याने बंद आहे. तिचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात यांतलं काहीच करता येत नाही. तरीही ती घरात येते. कधी कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या सॅकमध्ये असते, कधी परदेशातून सुट्टीवर आलेल्या भाच्याच्या बॅगेत. लंडन, टोरांटो, न्यू जर्सी इथल्या मराठी घरांत ती उघड टीपॉयवर पडलेली दिसते, कारण तिथे ती दुकानात मिळते. माणसाच्या तब्येतीवर ती काय करते हा वेगळा विषय आहे. इथे आपण घरातल्या कुत्र्या-मांजरांपुरतं बोलू. त्यांना खरा धोका असतो तो त्या उपकरणातल्या द्रवाचा.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. वेपमध्ये एक छोटी बॅटरी असते, एक तापणारी तार असते आणि द्रवाची टाकी असते. तार तापली की द्रवाची वाफ होते आणि ती ओढली जाते. या द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन हे दोन पातळ, किंचित गोडसर पदार्थ असतात, आंबा-स्ट्रॉबेरी-कस्टर्डसारखा स्वाद असतो आणि बहुतेकांत निकोटिन असतं. निकोटिन हे तंबाखूच्या झाडाने किड्यांपासून स्वतःला वाचवायला तयार केलेलं विष आहे. पूर्वी ते पिकांवर कीटकनाशक म्हणून फवारलं जायचं.

आता बाटलीवरचा आकडा वाचायला शिकू, कारण पुढे डॉक्टर पहिल्यांदा तोच विचारणार आहेत. निकोटिन किती आहे ते 'एका मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम' असं लिहिलेलं असतं. ब्रिटनमध्ये कायद्याने ही मर्यादा २० मिलिग्रॅम आहे आणि सुटी बाटली १० मिलिलिटरपेक्षा मोठी विकता येत नाही. अमेरिकेत ५० मिलिग्रॅमचा द्रवही सर्रास मिळतो. काही बाटल्यांवर मात्र टक्के लिहितात, आणि चूक होते ती इथे. '२ टक्के' वाचून आपल्याला वाटतं, किरकोळ आहे. पण २ टक्के म्हणजेच २० मिलिग्रॅम आणि ५ टक्के म्हणजे ५०.

एक हिशेब करून बघू. कुत्र्याला त्याच्या वजनाच्या दर किलोमागे अर्धा ते एक मिलिग्रॅम निकोटिन पोटात गेलं तरी लक्षणं दिसू लागतात. किलोमागे साधारण ९ मिलिग्रॅम गेलं तर जीव जाऊ शकतो. घरात ५ किलोचं पॉमेरेनियन आहे असं धरू. २० मिलिग्रॅमच्या द्रवाचे तीन ते पाच थेंब त्याला आजारी पाडायला पुरतात. सव्वादोन मिलिलिटर, म्हणजे चहाचा अर्धा चमचाही नाही, त्याच्या जिवावर बेतू शकतं. १० मिलिलिटरच्या एका बाटलीत याच्या चौपटीहून जास्त निकोटिन आहे. मोठ्या लॅब्रेडॉरला हेच प्रमाण बरंच जास्त लागतं हे खरं, पण लॅब्रेडॉर थोडं चाटून थांबणारा प्राणी नाही. आणि आपल्याकडे चोरून आलेल्या मालावर छापलेल्या आकड्याची तर कुणीच हमी देत नाही. म्हणून हा हिशेब धोका समजून घेण्यापुरता आहे. 'एवढं चालून जाईल' असं त्यावरून ठरवू नये.

सिगारेट खाल्ली तर काय, आणि द्रव चाटला तर काय, यात मोठा फरक आहे. सिगारेटमधलं निकोटिन पानात अडकलेलं असतं. ते हळूहळू सुटतं, पोटातल्या आम्लात फारसं शोषलं जात नाही, आणि तोवर जनावराला बहुधा उलटी होऊन जाते. द्रवातलं निकोटिन मोकळंच असतं. ते तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात उतरायला लागतं, अंगावर सांडलं तर कातडीतूनही जातं. आपल्याकडे तंबाखूला चुना लावून मळतात त्यामागेही हेच रसायन आहे. चुन्यासारख्या क्षाराशी गाठ पडली की निकोटिन मोकळं होतं आणि तोंडातून चटकन शोषलं जातं. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे एका घरगुती उपायाच्या वेळी ती कामी येणार आहे.

निकोटिन नसलेला द्रवही निर्धोक नसतो. काहींत गोडीसाठी झायलिटॉल घालतात. ही माणसाला चालणारी साखरेऐवजीची गोडी आहे, पण कुत्र्याच्या रक्तातली साखर तिच्यामुळे एकदम खाली जाते आणि यकृतही बिघडू शकतं. प्रॉपिलीन ग्लायकॉल मांजरांच्या तांबड्या रक्तपेशींना इजा करतं. याच कारणाने अमेरिकेत १९९६ साली मांजरांच्या खाण्यात ते घालायला बंदी झाली. तिसरी गोष्ट बॅटरी. दातांनी फुटलेली लिथियमची बॅटरी तोंड आणि अन्ननलिका भाजून काढते, कधी पेटही घेते.

आता घरात काळजी कुठे घ्यायची ते पाहू. सुरुवात द्रव भरण्यापासून. टाकी भरताना एक-दोन थेंब सांडतातच. ते टिशूने पुसले जातात आणि टिशू उघड्या केराच्या डब्यात जातो. त्याला फळाचा नाहीतर दुधाच्या मिठाईचा वास येत असतो, आणि कुत्र्याला तेवढं आमिष पुरतं. म्हणून भरण्याचं काम बेसिनपाशी, दार लावून करावं. सांडलेलं साबणाच्या पाण्याने पुसावं, टिशू पिशवीत गाठ मारून झाकणाच्या डब्यात टाकावा आणि हात धुतल्याशिवाय जनावराला जवळ घेऊ नये. मांजर आपले हात चाटतं, आणि अंगावर लागलेलं तर चाटून चाटून पूर्ण साफ करतं, म्हणजे सगळं पोटातच घेतं.

बाटली ठेवायची ती बंद कपाटात. 'उंच फळीवर ठेवलंय' हे कुत्र्याच्या बाबतीत ठीक आहे, मांजराला उंची अडवत नाही, आणि फळीवरची लहानशी वस्तू पंजाने ढकलून खाली पाडणं हा तर मांजरांचा आवडता उद्योग. मुलांना उघडता येऊ नये म्हणून जी दाबून फिरवायची झाकणं असतात त्यांच्यावरही विसंबू नये. ती लहान बोटांना अडवतात. कुत्रा झाकण फिरवत बसत नाही, तो बाटलीच चावून फोडतो.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो कपाटाबाहेर. वेप उशीखाली राहते, सोफ्याच्या फटीत सरकते, खुंटीवरच्या जॅकेटच्या खिशात असते, चार्जिंगला लावून रात्रभर जमिनीलगतच्या प्लगपाशी लोंबकळते. कंबरेच्या उंचीखाली ती कधीच राहणार नाही, हा एक नियम घरातल्या सगळ्यांनी पाळला तरी बरंच साधतं. पाहुण्यांनाही हे सांगावं. जमिनीवर ठेवलेली पाहुण्यांची पर्स किंवा सॅक कुत्र्याला फार आवडते, आणि आत काय आहे हे यजमानाला ठाऊक नसतं. आल्या आल्या बॅग वर ठेवायला सांगण्यात संकोच नको.

परदेशी राहणाऱ्यांनी फिरायला नेतानाही लक्ष ठेवावं. एकदाच वापरून टाकायच्या वेप ब्रिटनने १ जून २०२५पासून विकायला बंद केल्या, तरी वेप रस्त्यावर फेकायची सवय कायद्याने लगेच जात नाही. रंगीत प्लॅस्टिकची ती कांडी पिल्लाला खेळणंच वाटते, आणि वापरून झालेल्या वेपमध्येही द्रव आणि बॅटरी शिल्लक असते.

पाखरं पाळणाऱ्यांसाठी थोडक्यात. बजरीगर, कॉकटील अशा पक्ष्यांची श्वसनसंस्था हवेतलं सगळं फार वेगाने आत घेते. पिंजरा असलेल्या खोलीत वेप किंवा सिगारेट ओढूच नये, खिडकी उघडी असली तरी.

ज्यांच्या घरी वेप नाही त्यांनाही यातलं बरंच लागू आहे. मोरीच्या कट्ट्यावरची मशेरीची डबी, आजोबांच्या सदऱ्यातली तंबाखूची पुडी, गॅलरीतल्या कुंडीत खोचलेली थोटकं (त्यांतही मूळ निकोटिनचा साधारण पाव हिस्सा उरलेला असतो) हे सगळं निकोटिनच आहे. व्यसन सोडण्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या निकोटिनचे च्युइंगगम एकेक २ किंवा ४ मिलिग्रॅमचे असतात आणि काहींत झायलिटॉलही असतं. आणखी एक प्रथा मला मनापासून थांबावीशी वाटते. गोचीड मारायला तंबाखूचं पाणी कुत्र्याच्या अंगाला चोळतात. गोचिडांबरोबर ते विष कातडीतून आणि चाटण्यातून कुत्र्याच्याही अंगात भिनतं. गोचिडावर चांगली, सुरक्षित औषधं जनावरांच्या डॉक्टरांकडे मिळतात.

एवढं करूनही प्रसंग आलाच तर ओळखायचं कसं? लक्षणं साधारण पंधरा मिनिटांपासून तासाभरात दिसतात, द्रव असेल तर त्याहूनही लवकर. आधी तोंडातून लाळ गळू लागते, उलटी होते, जुलाब होतात. जनावर अस्वस्थ होतं, येरझाऱ्या घालतं, छाती धडधडते, धाप लागते. मग स्नायू फडफडू लागतात, पाय लटपटतात, झटके येतात. शेवटच्या टप्प्यात ते निपचित पडतं आणि श्वास मंदावतो, कारण श्वासाचे स्नायूच लुळे पडत जातात. मधे एक फसवा टप्पा येतो. झटके थांबून जनावर शांत झालं की आपल्याला वाटतं, उतार पडला. तसं धरून चालू नये.

हीच लक्षणं उन्हाच्या झटक्यात, फिट्समध्ये आणि कीटकनाशकाच्या विषबाधेतही दिसतात. त्यामुळे नुसतं जनावर पाहून डॉक्टरांनाही कारण नक्की सांगता येत नाही. ते आपल्याकडूनच कळायला हवं.

तर आता काय करायचं. आधी वस्तू जनावराच्या तोंडापासून दूर करावी आणि लगेच डॉक्टरांना फोन लावावा. लक्षणं दिसण्याची वाट पाहू नये. जनावर शुद्धीवर असेल आणि चावत नसेल तर ओल्या फडक्याने तोंडाच्या आतला, हिरड्यांवरचा द्रव पुसून घ्यावा. अंगावर सांडलं असेल तर हातात मोजे घालून, भांड्यांचा पातळ साबण आणि भरपूर कोमट पाण्याने केस धुवावेत. मोजे अशासाठी की तेच निकोटिन आपल्या कातडीतूनही जातं. मांजराला टॉवेलात गुंडाळून ठेवावं, म्हणजे ते अंग चाटणार नाही. झटके येत असतील तर तोंडात हात किंवा चमचा घालू नये.

काय करू नये, ते जास्त महत्त्वाचं आहे, कारण शेजारीपाजारी प्रेमाने नेमकं तेच सुचवतात. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नये. त्या मिठानेच जनावराच्या रक्तातला सोडियम धोकादायक पातळीला जातो, आणि झटके येणाऱ्या जनावराची उलटी फुप्फुसात उतरते. बॅटरी चावली असेल तर उलटीने भाजलेली अन्ननलिका पुन्हा भाजते. पित्ताची गोळी किंवा खाण्याचा सोडाही देऊ नये. चुन्याची गोष्ट इथे आठवावी. पोटातलं आम्ल हे अशा वेळी थोडंफार संरक्षण असतं, ते मारलं की निकोटिन जास्त शोषलं जातं. तूप, ताक, दूध यांचा उपयोग नाही, आणि ते पाजण्यात वेळ जातो.

निघताना बाटली, वेप, फाटलेली पुडी, जे हाती लागेल ते पिशवीत घालून सोबत न्यावं. जनावराचं वजन, किती वाजता घडलं आणि अंदाजे किती गेलं, एवढं कागदावर लिहून घ्यावं. मुंबईत परळचं जनावरांचं रुग्णालय आहे, जुनी मंडळी त्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथे सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. अमेरिकेत एएसपीसीएचं प्राणी विषबाधा केंद्र आणि ब्रिटनमध्ये 'ॲनिमल पॉयझनलाइन' फोनवरून सल्ला देतात, त्याचं शुल्क पडतं.

आणि दवाखान्यात गेल्यावर खरं सांगावं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत मोठी अडचण आहे. वेप बेकायदा असल्याने मुलगा गप्प बसतो. आई-वडिलांना ठाऊकच नसतं, म्हणून ते 'काहीतरी बाहेरचं खाल्लं असेल' एवढंच सांगतात. डॉक्टर उन्हाचा झटका समजून उपचार सुरू करतात आणि मोलाचा वेळ निघून जातो. द्रवात गांजाचा अंश असेल तर तेही सांगावं, त्यावरची देखरेख वेगळी असते. घरातल्या मुलांना आजच सांगून ठेवावं की जनावराने काही चावलं तर आधी बोलायचं, रागावणं-बिगावणं नंतर. आणि तो शब्द आपणही पाळावा.

निकोटिनवर उतारा असं एखादं औषध नाही. डॉक्टर सलाइन लावतात, झटके थांबवणारं इंजेक्शन देतात, जनावराची अवस्था पाहून विष शोषून घेणारा औषधी कोळसा पाजतात, हृदयाची गती सांभाळतात, गरज पडली तर ऑक्सिजन देतात. बाकीचं काम शरीर करतं. यकृत निकोटिन मोडतं आणि ते लघवीवाटे साधारण दिवसाभरात निघून जातं. पहिले चार तास तरून गेलेलं जनावर बहुधा वाचतं. झायलिटॉल किंवा बॅटरीचा संशय असेल तर मात्र घरी न्यायची घाई करू नये. यकृताचा त्रास दोन-तीन दिवसांनीही वर येतो, आणि अन्ननलिकेतली भाजल्याची जखम पहिल्या दिवशी तोंड उघडून दिसत नाही.

आपल्या भागात रात्री-अपरात्री, रविवारी कोणता जनावरांचा दवाखाना उघडा असतो हे आजच विचारून घ्यावं, आणि त्याचा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये टाकून ठेवावा.