काळी काच आणि गार काच
उन्हाचा हिशेब : भाग ६

गेल्या आठवड्यात छज्जा आणि पडदे यांच्यापाशी थांबलो होतो. दक्षिणेच्या खिडकीवर छज्जा उत्तम काम करतो, पश्चिमेला मात्र हात टेकतो. का, हे कोल्हापूरकराला सांगायला आकृती काढावी लागत नाही. नोव्हेंबरात ९, १०, ११ तारखेला आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव होतो. मावळतीचं ऊन महाद्वारातून शिरून, गरुडमंडप ओलांडून थेट गाभाऱ्यात पोचतं. सूर्य इतका खाली आलेला असतो की वरचं छप्पर त्याला अडवूच शकत नाही. हेच तिरपं ऊन एप्रिल-मेमध्ये क्षितिजावर थोडं उत्तरेकडे सरकतं आणि राजारामपुरीतल्या एखाद्या फ्लॅटच्या स्लायडिंग खिडकीतून संध्याकाळी सोफ्यावर येऊन बसतं.

म्हणून काचेवर चिकटवायच्या फिल्मचा पैसा आधी पश्चिमेला. आपलं शहर विषुववृत्ताच्या उत्तरेला १६.७ अंशांवर आहे, त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. त्या काळात दक्षिणेच्या खिडकीत दुपारचं थेट ऊन येतच नाही. तरी सगळ्या घराला सरसकट फिल्म मारून घेणारे लोक आहेत, आणि दुकानदार कशाला नको म्हणेल?

दुकानात पहिला प्रश्न येतो, ‘किती नंबरची मारायची?’ हा नंबर फक्त उजेडाचा. ३५ ची फिल्म म्हणजे डोळ्याला दिसणारा ३५ टक्के प्रकाश आत सोडणारी. उष्णतेबद्दल तो काहीच सांगत नाही. उन्हातली साधारण निम्मी ऊर्जा न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते आणि स्वस्त रंगवलेली फिल्म त्यांना फारसं अडवत नाही. ती उजेड शोषते, काच तापते आणि त्यातला काही ताप खोलीतच उतरतो. खोली अंधारी होते, पण पंखा पाचवरच राहतो. असली फिल्म काही वर्षांत जांभळी पडते, ते वेगळंच. सिरॅमिक फिल्ममधले सूक्ष्म कण अवरक्त किरण अडवतात आणि उजेड बराचसा येऊ देतात, म्हणून ती फिकट असूनही गार वाटते आणि महागही पडते.

दिवा लावून फिल्मपलीकडे हात धरायला लावतात, त्या खेळावर जाऊ नका. ‘आयआर ९५ टक्के’ हा आकडा बऱ्याचदा अवरक्त पट्ट्याच्या एका तुकड्यापुरता मोजलेला असतो. माहितीपत्रकावर टीएसईआर शोधा, म्हणजे उन्हाची एकूण किती ऊर्जा अडली तो आकडा. साध्या काचेचाही तो १५ च्या आसपास असतो. पत्रकात हा आकडाच नसेल तर मी तरी ती फिल्म घेणार नाही.

घरासाठी दोन इशारे. एक, गडद फिल्म साध्या काचेवर लावली आणि छज्ज्यामुळे अर्धी काच सावलीत, अर्धी उन्हात राहिली, तर तापलेला भाग फुगतो, गार भाग त्याला धरून ठेवतो आणि काच कडेपासून तडकू शकते. टफन केलेल्या काचेला ही भीती फार कमी. दोन, आरशासारखी फिल्म दिवसा बाहेरच्यांची नजर अडवते. रात्री घरात दिवा लागला की उलटं होतं आणि सगळी गल्ली आपला दिवाणखाना बघते. पडदे काढून टाकू नका.

गाडीचं प्रकरण कायद्यामुळे किचकट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० नुसार पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत यायला हवा. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविषेक गोयंका खटल्यात काचेवर वरून चिकटवलेल्या फिल्मवर, नंबर कोणताही असो, बंदी घातली. त्यानंतर मूळ नियमच बदलला. १ एप्रिल २०२१ पासून काचेच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकचा थर असलेलं ‘सेफ्टी ग्लेझिंग’ नियमात आलं. त्याच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये म्हटलं की ७० आणि ५० ची मर्यादा पाळणारी फिल्म चालेल. हा निकाल महाराष्ट्रातल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही. चौकातला हवालदार तर काचेचा रंग बघूनच शिट्टी मारतो. तेव्हा फिल्म लावायचीच तर फिकट लावा आणि प्रमाणपत्र गाडीतच ठेवा.

७० आणि ५० च्या हिशेबात एक गुणाकार दडलेला असतो. कंपनीची काचच मुळात हिरवट असते. समजा ती ७० टक्के प्रकाश सोडते. तिच्यावर ७० ची फिल्म लावली की हाती येतात ४९, म्हणजे बाजूच्या काचेवरही आपण मर्यादेखाली. फिल्मचा नंबर एकटा वाचून चालत नाही; मीटर लावून काचेसकट मोजून घ्या. पुढच्या काचेच्या वाटेला न गेलेलंच बरं. ती दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर दाबून केलेली असते आणि अतिनील किरण जवळजवळ सगळे तिथेच अडतात. शिवाय धातूचा थर असलेली फिल्म फास्टॅगच्या आणि मोबाईलच्या लहरी अडवू शकते. किणीच्या टोलनाक्यावर मागच्या गाड्या हॉर्न वाजवत असताना हे कळणं बरं नाही.

फिल्म बसवणं म्हणजे साबणाचं पाणी, ब्लेड, स्क्वीजी, गोलाईला हीट गन आणि धूळ नसलेली जागा. शेवटची अट सर्वांत अवघड. उद्यमनगर किंवा शिरोलीसारख्या फौंड्रीच्या भागात रस्त्याकडेला उघड्यावर फिल्म मारली की खाली कण अडकणारच आणि ते नंतर निघत नाहीत. बंद शेड असलेला कारागीर शोधा. नंतर दोन-तीन दिवस काच खाली करू नका. पावसाळ्यात फिल्मखालचं पाणी सुकायला जास्त दिवस लागतात. तोवर दिसणारा धूसरपणा आणि पाण्याचे बारीक फुगे आपोआप जातात, पिना टोचू नका.

जुनी फिल्म काढताना मागच्या काचेवरच्या बारीक तपकिरी रेघा सांभाळा. त्या डिफॉगरच्या तारा. ब्लेडने खरवडलं की एखादी तुटते आणि पावसाळी सकाळी काचेवर तेवढाच पट्टा धुकट राहतो. वाफ देऊन फिल्म सावकाश सोलणाऱ्याला शंभर-दोनशे जास्त द्यावेत.

पुढच्या भागात गच्ची : चुना, पांढरा रंग आणि चायना मोझॅक.