बावखलं आणि धर्मगुरू

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोकडे १९९० मध्ये वसई-विरारचं नियोजन आलं. वसईच्या वाड्या आणि बावखलं, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत जिरवणारी गोडी तळी, काँक्रीटखाली जातील ही धास्ती खरी होती. त्याविरुद्ध लढणाऱ्या हरित वसई चळवळीच्या अग्रभागी कॅथलिक धर्मगुरू होते, फादर फ्रान्सिस दिब्रिटो. मागण्या मात्र पाण्याच्या, शेतीच्या, निर्भय जगण्याच्या. सगळ्या धर्मांच्या माणसांच्या.

धर्मगुरूनं यात का पडावं? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं (१९६२-६५) विज्ञानाला आणि ऐहिक व्यवहारांना त्यांचे स्वतःचे नियम असतात, हे मान्य केलं. जगाची सुखदुःखं ख्रिस्ती माणसाची आहेत, असंही सांगितलं. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’मध्ये पर्यावरणावर लिहिताना विज्ञानाचा आधार घेतला. वसई हे त्याच्या कितीतरी आधी बोलत होती, आणि मराठीत बोलत होती. दिब्रिटोंनी संपादित केलेलं ‘सुवार्ता’ मासिक केवळ चर्चपुरतं उरलं नाही, ही मला त्यांची मोठी कमाई वाटते. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून ते साऱ्या महाराष्ट्राशी बोलले.