विश्लेषण : सर्वात भरवशाच्या सेनापतीनेच नोबुनागाचा घात का केला? जपानचे ४४० वर्षे न सुटलेले कोडे

‘शोगन’ ही मालिका पाहिली असेल तर मारिको नक्की आठवत असेल. वडिलांनी धन्याचा घात केला आणि त्याचा कलंक मुलीने जन्मभर वागवला. मालिकेत त्या वडिलांचे नाव आहे अकेची जिनसाई. इतिहासातले नाव अकेची मित्सुहिदे. २१ जून १५८२ रोजी पहाटे त्याने क्योतोमधील होन्नोजी मंदिराला वेढा घातला आणि त्या काळातील जपानच्या सर्वात बलाढ्य सत्ताधीशाला, ओदा नोबुनागाला संपवले. कोणी, कधी, कुठे, कसे, सगळे ठाऊक आहे. ‘का’ हा प्रश्न मात्र आजही इतिहासकारांना भांडायला लावतो.

त्या पहाटे काय घडले?

नोबुनागा तेव्हा ४७ वर्षांचा होता. क्योतो आणि मध्य जपान त्याच्या मुठीत होता. त्याच वर्षी वसंतात ताकेदा हे जुने वैरी घराणे त्याने नामशेष केले होते. पश्चिमेला मोरी घराण्याशी लढणाऱ्या हाशिबा हिदेयोशीने कुमक मागितली, म्हणून मित्सुहिदेला तिकडे निघण्याचा हुकूम झाला. नोबुनागा स्वतः मागाहून जाणार होता. तोवर तो मोजक्या सेवकांसह होन्नोजीत मुक्कामाला होता.

मित्सुहिदे कामेयामा किल्ल्यातून रात्री निघाला. सोबत १३ हजार सैन्य असल्याचे मानले जाते. पश्चिमेला वळायचे ते सैन्य पूर्वेला, क्योतोकडे वळले. बेत फक्त चार-पाच विश्वासू सरदारांना माहीत होता. या सैन्यातल्या होन्जो सोएमोन नावाच्या शिपायाने म्हातारपणी आठवणी लिहून ठेवल्या. आपल्याला तोकुगावा इएयासूवर हल्ला करायला नेत आहेत, असे त्याला वाटले होते. कोणाला मारायला निघालो आहोत हेच मारणाऱ्यांना माहीत नव्हते!

गडबड ऐकून नोबुनागाने हे कोणाचे बंड म्हणून विचारले. अकेचीचे, असे उत्तर मिळताच आता बोलून उपयोग नाही अशा अर्थाचे काहीतरी तो पुटपुटला, असे त्याचा चरित्रकार ओता ग्युइची सांगतो. आधी धनुष्याने, मग भाल्याने तो लढला. हाताला जखम झाल्यावर आत गेला आणि जळत्या इमारतीत त्याने सेप्पुकू केले. मृतदेह सापडलाच नाही. थोरला मुलगा आणि वारस नोबुतादा जवळच होता; त्याचाही त्याच दिवशी अंत झाला.

मित्सुहिदे होता कोण?

त्याचे पूर्वायुष्य धूसर आहे. मृत्यूच्या वेळी तो ५५ वर्षांचा होता की ६७, यावरही एकमत नाही. मिनो प्रांतातला, पुढे पदच्युत झालेल्या शेवटच्या आशिकागा शोगनच्या, म्हणजे योशिआकीच्या गोटातून नोबुनागाकडे आलेला. म्हणजे घरचा जुना माणूस नव्हे, बाहेरून आलेला. तरीही वर चढला तो झपाट्याने. १५७१ मध्ये हिएई पर्वतावरील मठ जाळण्याच्या मोहिमेनंतर त्याला शिगा परगणा मिळाला, तिथे त्याने साकामोतो किल्ला बांधला. १५७९ पर्यंत त्याने डोंगराळ ताम्बा प्रांत जिंकून दिला. १५८१ मध्ये त्याच्या नावे निघालेल्या लष्करी नियमावलीत, दगडधोंड्यासारखा पडून होतो त्या मला धन्याने वर काढले, अशी कृतज्ञता आहे. जपानी पंचांगानुसार तिची तारीख होन्नोजीच्या बरोबर एक वर्ष आधीची. नियमावली अस्सल असेल तर वर्षभरात असे काय बिनसले?

अपमानाचा बदला?

सर्वात लोकप्रिय उत्तर हेच. जून १५८२ मध्ये आझुची किल्ल्यावर इएयासूचा पाहुणचार मित्सुहिदेकडे होता. मासे नासले म्हणून नोबुनागाने त्याला सर्वांदेखत झापले, अशी कथा. दुसरी कथा त्याच्या आईची. ताम्बाच्या मोहिमेत त्याने आईला शत्रूकडे ओलीस ठेवले, नोबुनागाने शब्द मोडून शत्रूच्या सरदारांना मारले आणि त्यांच्या माणसांनी आईला ठार केले. तिसरी, ताम्बा आणि शिगा काढून घेऊन त्याबदल्यात अजून न जिंकलेले प्रांत देऊ केल्याची.

नाटकाला याहून चांगला मसाला मिळणार नाही. अडचण अशी की यातल्या बहुतेक कथा घटनेनंतर शंभरेक वर्षांनी लिहिलेल्या ग्रंथांत येतात. आईची कथा तर इतिहासकारांनी जवळपास निकालात काढली आहे.

त्यातल्या त्यात जुना आधार आहे तो पोर्तुगीज जेझुइट लुइस फ्रोइशचा, आणि इथे गोव्याचा संबंध येतो. फ्रोइश १५४८ मध्ये गोव्यात आला, तिथल्या सेंट पॉल कॉलेजात शिकला, पाद्री झाला आणि १५६३ मध्ये जपानला पोहोचला. बंद दाराआड बोलताना नोबुनागाने मित्सुहिदेला लाथ मारल्याची वदंता त्याने नोंदवली आहे. पण तो स्वतः तेव्हा दूर क्यूशूत होता. होन्नोजीपासून जेमतेम एका रस्त्यावर जेझुइटांचे चर्च होते, तिथल्या सहकाऱ्यांकडून त्याला हकिकत कळली. बंद दाराआडची लाथ चर्चमधून कशी दिसली, हा प्रश्न उरतोच.

शिकोकूचा मुद्दा काय?

अलीकडे सर्वाधिक वजन याच मुद्द्याला आहे, आणि तो मला जास्त पटतो, कारण त्यात माणसाची नोकरीच पणाला लागलेली दिसते. शिकोकू बेटावरील चोसोकाबे मोतोचिका आणि नोबुनागा यांच्यातला मध्यस्थ होता मित्सुहिदे. त्याचा प्रमुख सरदार साइतो तोशिमित्सू याचे मोतोचिकाशी सासरकडून नाते होते. आधी नोबुनागाने मोतोचिकाला शिकोकूत मोकळीक दिली. नंतर भूमिका फिरवली : तोसा आणि आवाचा दक्षिण भाग ठेव, बाकी सोड. मोतोचिका ऐकेना, तेव्हा तिसरा मुलगा नोबुताका याला सेनापती नेमून स्वारी ठरली. होन्नोजीच्या घटनेच्या वेळी ही फौज ओसाकाच्या किनाऱ्यावर निघायच्या तयारीत होती.

त्या काळी मध्यस्थाचा शब्द हीच त्याची पत. तो शब्द धन्यानेच खोटा पाडला. २०१४ मध्ये ओकायामातील हायाशिबारा कला संग्रहालयाच्या संग्रहातील इशिगाई घराण्याची कागदपत्रे प्रकाशात आली. त्यात मोतोचिकाने साइतोला लिहिलेले पत्र आहे, घटनेच्या सुमारे दहा दिवस आधीचे. नोबुनागाच्या अटींप्रमाणे काही किल्ले सोडल्याचे तो त्यात कळवतो. म्हणजे तडजोड शक्य होती, पण स्वारी थांबत नव्हती. मित्सुहिदे मधल्या मध्ये चेपला जात होता.

त्यात १५८० ची आठवण ताजी होती. तीस वर्षे चाकरी केलेल्या साकुमा नोबुमोरीला नोबुनागाने १९ कलमी ठपका ठेवून हाकलून दिले. त्या पत्रात चांगल्या कामगिरीचे उदाहरण म्हणून चक्क मित्सुहिदेचे नाव आहे! पण आपण आज सुपात आहोत, उद्या जात्यात जाऊ, हे कळायला त्याला ज्योतिषी लागला नसेल.

आणि माजी शोगन?

२०१७ मध्ये मित्सुहिदेचे आणखी एक पत्र चर्चेत आले. घटनेनंतर दहा दिवसांनी लिहिलेल्या या पत्रात हद्दपार शोगन योशिआकीला क्योतोत आणण्याचा विषय आहे. काहींच्या मते हा शोगनशाही पुन्हा उभारण्याच्या कटाचा पुरावा. पण तारीख पाहा. मदतीसाठी दारोदार फिरण्याची वेळ आल्यावर कोणाचेही नाव घेतले जाते. सम्राटाचा दरबार, जेझुइट, हिदेयोशी, इएयासू अशा ‘पडद्यामागच्या सूत्रधारां’च्या यादीला ठोस पुराव्याचा आधार नाही.

मग संधीच कारण होती का?

इंजिनीअरिंगला शिकवतात की यंत्रणा एका कारणाने सहसा कोसळत नाही. तडे आधीपासून असतात, एका क्षणी ते एका रेषेत येतात. जून १५८२ चा नकाशा तसाच दिसतो. शिबाता उत्तरेला उएसुगींशी झुंजत होता. ताकिगावा कांतोत. हिदेयोशी ताकामात्सू किल्ल्याभोवती पाणी साठवून बसलेला. इएयासू साकाईत पर्यटनाला. बाप आणि वारस दोघेही एकाच शहरात, जवळ सैन्य नाही. आणि राजधानीजवळ मोठी, सज्ज फौज असलेला प्रमुख सेनापती एकच.

शिवाय नोबुनागावर उलटणारा हा पहिला माणूस नव्हता. मेहुणा आझाई नागामासा, मात्सुनागा हिसाहिदे, आराकी मुराशिगे हे सगळे आधी उलटले होते. आराकीच्या मुलाला मित्सुहिदेची मुलगी दिली होती. आराकीच्या बंडानंतर त्याच्या घरच्या बायकामुलांची कत्तल झाली, ती मित्सुहिदेने जवळून पाहिली होती.

पुढे काय झाले?

ठरवलेले काहीच जमले नाही, बहुधा फारसे ठरवलेलेच नव्हते. व्याही होसोकावा फुजिताका आणि जावई तादाओकी सोबत येतील अशी त्याला खात्री होती. त्यांनी नोबुनागाच्या शोकात शेंड्या कापल्या आणि नकार कळवला. त्यांना मित्सुहिदेने लिहिलेले पत्र आजही आहे. हे मी तादाओकीला पुढे आणण्यासाठीच केले, ५० ते १०० दिवसांत आसपासचा मुलूख शांत करून कारभार मुलांच्या हाती देईन, असे तो लिहितो. सत्तेच्या शिखरावर बसलेल्याचा हा सूर वाटत नाही.

हिदेयोशीने मोरींशी घाईघाईने तह केला आणि सुमारे २०० किलोमीटर आठ-दहा दिवसांत कापून तो परतला. २ जुलैला यामाझाकीच्या लढाईत मित्सुहिदे हरला. पळताना ओगुरुसू गावाजवळ गावकऱ्यांच्या भाल्याने तो मारला गेल्याचे सांगतात. घातापासून मोजले तर अकरा दिवस.

मुलगी तामा हिला नवऱ्याने डोंगरात लपवले. पुढे ती ख्रिस्ती होऊन ग्राशिया झाली आणि खूप नंतर कादंबरीतली मारिको. तिच्या वडिलांचे नाव जपानमध्ये गद्दारीला समानार्थी झाले. फुकुचियामा शहरात मात्र त्याचे देऊळ आहे. त्याने तिथला जमीनकर माफ केला होता, ही आठवण लोकांनी जपली आहे.