विश्लेषण : ‘सेंद्रिय’साठी जादा पैसे कुठे मोजावेत, कुठे वाचवावेत?

किराणा दुकानात तूरडाळीची दोन पाकिटे शेजारी शेजारी असतात. एकावर हिरवे पान आणि ‘ऑरगॅनिक’ हा शब्द. त्या पाकिटाचा भाव कधी दीडपट, कधी दुप्पट. शेजारच्या फळीवर ‘ए टू’ तूप, ‘मल्टिग्रेन’ बिस्किटे, सैंधव मीठ, चिया, क्विनोआ. महिन्याच्या किराण्यासाठी ठरलेली रक्कम असलेल्या घराला हे सगळे घेणे परवडत नाही. मग जादा पैसे कोणत्या वस्तूवर मोजायचे, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर वस्तूगणिक वेगळे आहे.

सेंद्रिय नेमके कशाला म्हणायचे?

भारतात हा शब्द कायद्याने बांधलेला आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘एफएसएसएआय’च्या २०१७च्या नियमांनुसार पाकिटावर ‘सेंद्रिय’ लिहायचे तर दोनपैकी एक प्रमाणपत्र लागते. पहिले ‘एनपीओपी’. ही व्यवस्था २००१पासून वाणिज्य मंत्रालयाखाली चालते आणि तिच्यात त्रयस्थ संस्था शेताची तपासणी करते. दुसरे ‘पीजीएस-इंडिया’. हे कृषी मंत्रालयाचे आहे. त्यात गावातील किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेताची पाहणी करून हमी देतो. दोन्हींसाठी पाकिटावर ‘जैविक भारत’ हे चिन्ह असते.

रासायनिक शेती सोडली की लगेच माल सेंद्रिय होत नाही. ‘एनपीओपी’मध्ये हंगामी पिकांसाठी दोन वर्षे आणि बहुवार्षिक पिकांसाठी तीन वर्षे संक्रमणकाळ धरला जातो. या काळात उत्पन्न घटण्याची शक्यता असते आणि मालाला सेंद्रियचा भावही मिळत नाही. सेंद्रिय माल महाग असण्याचे हे एक खरे कारण आहे. दुसरे कारण मजुरीचे. तणनाशक न मारता खुरपणी करायची तर माणसे लागतात.

‘नॅचरल’, ‘फार्म फ्रेश’, ‘केमिकल फ्री’, ‘देशी’, ‘गावरान’ या शब्दांमागे मात्र असे कोणतेही प्रमाणपत्र नसते. ‘अनपॉलिश्ड’ डाळ म्हणजे फक्त पॉलिश न केलेली डाळ. ती कशी पिकवली, याच्याशी त्या शब्दाचा संबंध नाही.

प्रमाणपत्र म्हणजे पक्की खात्रीही नव्हे. भारताच्या सेंद्रिय प्रमाणीकरणाला मान्यता देणारा करार अमेरिकेच्या कृषी विभागाने २०२१मध्ये संपवला, तो देखरेखीवर विश्वास न उरल्यामुळेच. तरीही चिन्ह असलेल्या मालाची जबाबदारी कोणावर, हे शोधता येते. चिन्ह नसलेल्याची तेवढीही सोय नसते.

सेंद्रिय अन्न जास्त पौष्टिक असते का?

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२मध्ये दोनशेहून अधिक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. सेंद्रिय अन्न ठळकपणे अधिक पौष्टिक असल्याचा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. कीटकनाशकांचे अंश मात्र सेंद्रिय मालात कमी वेळा आढळले. ब्रिटनमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली २०१४मध्ये ३४३ अभ्यास तपासले गेले. त्यात सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम हा जड धातू कमी दिसला. जीवनसत्त्वांसाठी जादा पैसे मोजण्याला दोन्हींतून फारसा आधार मिळत नाही. कीटकनाशकांचे अंश टाळण्यासाठी मोजले तर तो मिळतो.

हे अंश किती असतात? केंद्र सरकारच्या देशव्यापी तपासणीत २०१४-१५मध्ये भाज्या, फळे, धान्य, मसाले, दूध अशा २०,६१८ नमुन्यांची चाचणी झाली. १८.७ टक्के नमुन्यांत अंश सापडले. ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त अंश २.६ टक्के नमुन्यांत होते. म्हणजे बाजारातील प्रत्येक भाजी विषारी आहे हा समाजमाध्यमांवरचा सूर खरा नाही. पण त्याच तपासणीत १२.५ टक्के नमुन्यांत त्या पिकासाठी मान्यताच नसलेली कीटकनाशके आढळली. काळजी करावी अशी बाब ही आहे.

कोणत्या फळे-भाज्यांवर खर्च करावा?

इंटरनेटवर ‘डर्टी डझन’ नावाची यादी फिरते. तिच्यात स्ट्रॉबेरी, पालक वर आणि ॲव्होकाडो, अननस ‘स्वच्छ’ गटात असतात. ती यादी अमेरिकेतील एका संस्थेची आणि तिथल्या बाजाराची आहे. लासलगाव किंवा वाशीच्या बाजारात येणाऱ्या मालाला ती जशीच्या तशी लागू होत नाही.

इथे पाहायचे ते पीक आणि त्याची साल. वांगी, भेंडी, फ्लॉवर, टोमॅटो, हिरवी व ढोबळी मिरची यांच्यावर किडी जास्त आणि फवारण्याही जास्त. तोडा एक-दोन दिवसांआड असतो, त्यामुळे फवारणी आणि तोडणी यांत राखायचे अंतर पाळले जाईलच असे नाही. या भाज्या सालीसकट खाल्ल्या जातात. घरात लहान मूल किंवा गर्भवती असेल आणि खात्रीचा सेंद्रिय भाजीवाला मिळत असेल, तर पहिला जादा रुपया इथे घालावा.

पालेभाज्यांचे गणित थोडे वेगळे आहे. मुंबईत रेल्वे रुळांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर पिकणारी पालेभाजी वर्षानुवर्षे चर्चेत आहे. तिथे प्रश्न फवारणीइतकाच पाण्याचा आहे. जड धातू पानात उतरले की धुऊन जात नाहीत. पालेभाजी कुठून येते हे विचारणे ‘ऑरगॅनिक’ची पाटी वाचण्याइतकेच महत्त्वाचे.

द्राक्षांची गोष्ट बोलकी आहे. २०१० साली भारतातून गेलेली द्राक्षे युरोपने नाकारली; त्यांत क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त होते. नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना मोठा फटका बसला. तेव्हापासून निर्यातीच्या बागांची नोंद आणि निर्यातीआधीची अंश-चाचणी अधिक कडक झाली. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या कामातील मध्यवर्ती प्रयोगशाळा आहे. हातगाडीवरच्या द्राक्षांना अशी चाचणी नसते. मुलांसाठी द्राक्षे घेताना जादा भाव देण्यात म्हणूनच अर्थ आहे.

उलट केळी, नारळ, अननस, फणस, सीताफळ, कलिंगड, सोललेला मटार यांची साल किंवा शेंग आपण फेकतो. इथे सेंद्रियवर खर्च करण्याची निकड कमी. आंब्याबाबत विचारायचा प्रश्न पिकवण्याचा आहे. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवण्यास बंदी आहे, इथिलीन वायूला मर्यादेत परवानगी आहे. गवताच्या अढीतला आंबा विश्वासाच्या माणसाकडून घेतला, तर पेटीवर सेंद्रियचा शिक्का नसला तरी चालण्यासारखे आहे.

धुतल्याने काय जाते?

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या २०१७च्या प्रयोगात सफरचंदे खाण्याच्या सोड्याच्या एक टक्का द्रावणात १२ ते १५ मिनिटे ठेवली गेली. सालीवरच्या एका कीटकनाशकाचा ९६ टक्के आणि दुसऱ्या, बुरशीनाशकाचा ८० टक्के अंश निघून गेला. लिटरभर पाण्यात साधारण दोन चमचे सोडा, एवढाच हा उपाय. बुरशीनाशकाचा उरलेला भाग सालीत मुरलेला होता, तो निघाला नाही. आंतरप्रवाही कीटकनाशके झाडाच्या रसातून फळात जातात, तीही धुण्याने जात नाहीत. साल काढली की बराच अंश कमी होतो, पण तंतूही जातात. महागडे ‘व्हेजिटेबल वॉश’ घेण्याआधी सोड्याची पुडी वापरून पाहावी.

ज्वारी, नाचणी सेंद्रियच हवी का?

आग्रह धरू नये. ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी ही काटक पिके आहेत. कोकणच्या वरकस जमिनीतली नाचणी किंवा कोरडवाहू बाजरी यांवर फारसे कोणी फवारत नाही. शेतकऱ्याला ते परवडतही नाही. दुप्पट भावाचे पाकीट घेण्यापेक्षा साधी नाचणी जास्त घेतलेली बरी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, आणि ते शिक्क्यामुळे वाढत नाही.

‘मल्टिग्रेन’ बिस्किटांचे पाकीट मात्र उलटून पाहावे. नियमानुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. पहिला घटक मैदा, दुसरा साखर, तिसरा पामतेल आणि नाचणी शेवटून तिसरी असेल, तर ते मैद्याचेच बिस्कीट आहे. ‘ब्राऊन’ ब्रेडचा रंग कॅरॅमलचाही असू शकतो.

परदेशी नावांचेही तेच. प्रथिनांच्या बाबतीत क्विनोआ आणि राजगिरा जवळपास सारखे, दोन्हींत शंभर ग्रॅममध्ये १३ ग्रॅमच्या आसपास. राजगिरा उपवासाच्या डब्यात आधीपासून आहे. चियामधील ओमेगा-३साठी पैसे मोजणाऱ्यांनी जवसाची चटणी आठवावी. जवसात ते किंचित जास्तच असते. फक्त जवस कुटून खावे, अख्खे बी तसेच बाहेर पडते. सैंधव मीठ गुलाबी असले तरी सोडियम तेवढेच, आणि त्यात बहुतेक वेळा आयोडीन मिसळलेले नसते.

गूळ, हळद, मध, तेल : इथे प्रश्न भेसळीचा

गुळाचा पिवळाधमक रंग बऱ्याचदा गुऱ्हाळात वापरलेल्या ‘हायड्रोस’ या गंधकयुक्त रसायनाने येतो. जुन्या पद्धतीत रस साफ करायला भेंडीचा चिकट रस वापरत. म्हणून गडद गूळ घ्यावा असे सांगतात. ते साधारणपणे बरोबर आहे, पण रंग हा पुरावा नव्हे. करपलेला किंवा जुना गूळही काळा दिसतो. ‘गुळातून लोह मिळते’ हा दावा मोजून पाहिला तर फिका पडतो. शंभर ग्रॅम गुळात साडेचार-पाच मिलिग्रॅम लोह असते, तर २०२०च्या शिफारशींनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लागते. तेवढे गुळातून मिळवायचे तर दिवसाला अर्धा किलोहून अधिक गूळ खावा लागेल. मधुमेह्यासाठी गूळ साखरेइतकाच वर्ज्य.

हळदीत खरा धोका लेड क्रोमेट या पिवळ्या रंगाचा आहे. त्यातील शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला मारक ठरते. हळद सेंद्रिय आहे की नाही यापेक्षा ती पॅकबंद, परवान्याची आहे की सुटी, हे इथे जास्त महत्त्वाचे. शक्य असेल त्यांनी पॉलिश न केलेली हळकुंडे आणून दळून घ्यावीत. मधाबाबत २०२०मध्ये ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ने १३ ब्रँडचे नमुने जर्मनीतील प्रयोगशाळेत तपासून घेतले, तेव्हा १० ब्रँड नापास झाले. नामांकित असणे ही हमी नव्हती.

लाकडी घाण्याच्या तेलाला चव आणि वास असतो, उष्मांक मात्र रिफाइंड तेलाइतकेच. शेंगदाणे बुरशी धरलेले असतील तर अफ्लाटॉक्सिन हे विष घाण्याच्या तेलात उतरते. रिफाइनिंगमध्ये ते बहुतांश निघून जाते. त्यामुळे घाणेवाला कोणते दाणे टाकतो, हे डोळ्यांनी पाहता आले तरच या तेलाला दुप्पट भाव द्यावा.

‘ए टू’ तूप आणि ‘हेल्थ ड्रिंक’चे काय?

‘ए वन’ आणि ‘ए टू’ हे दुधातील बीटा-केसीन या प्रथिनाचे प्रकार. तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्ध पदार्थ, त्यात हे प्रथिन नावालाही उरत नाही. मग तुपावर ‘ए टू’ लिहून काय विकले जाते? ‘एफएसएसएआय’ने २१ ऑगस्ट २०२४ रोजी असे दावे काढून टाकण्याचा आदेश दिला आणि पाचच दिवसांत तो मागे घेतला. शिक्के त्यामुळे अजूनही दिसतात. देशी गायीच्या तुपाला कुणी चवीसाठी किंवा गोपालकाला आधार म्हणून जास्त पैसे देत असेल तर तो त्याचा प्रश्न. प्रथिनाच्या नावाखाली देऊ नयेत.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये माल्टयुक्त पावडरींना ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गात विकू नका, असे ऑनलाइन विक्रेत्यांना सांगण्यात आले, कारण कायद्यात असा वर्गच नाही. जूनमध्ये फळांच्या रसाच्या डब्यावरील ‘१०० टक्के फ्रूट ज्यूस’ हा दावाही काढायला लावला.

सेंद्रियचा फायदा सर्वाधिक कोणाला?

२०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २०हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला. खाणाऱ्याच्या ताटात कीटकनाशक मिलिग्रॅमच्या अंशात येते. फवारणाऱ्याच्या अंगावर ते थेट पडते, तेही अनेकदा हातमोजे किंवा मुखवट्याशिवाय. सेंद्रियची चर्चा शहरात आरोग्याच्या अंगाने होते, पण कमी फवारणीचा सर्वांत मोठा लाभ शेतात राबणाऱ्याला, तिथल्या विहिरीच्या पाण्याला आणि मातीला होतो. ज्याला परवडते त्याने या कारणासाठी सेंद्रिय घेतले, तर केळी आणि नारळही सेंद्रिय घेण्यात अर्थ आहे. ज्याला परवडत नाही, त्याने साधी भाजी कमी करून सेंद्रियची थोडीशी घेणे हा मात्र तोट्याचा सौदा. भाजी भरपूर खाण्याचा लाभ अंशांच्या धोक्यापेक्षा मोठा आहे.

शिक्का नसलेल्या शेतकऱ्याकडून घ्यावे का?

घ्यायला हरकत नाही. वार्षिक उलाढाल १२ लाखांपर्यंत असलेल्या आणि थेट ग्राहकाला विकणाऱ्या छोट्या उत्पादकाला प्रमाणपत्रातून सूट आहे. त्याला ‘जैविक भारत’ चिन्ह तेवढे वापरता येत नाही. अशा वेळी प्रश्न विचारावेत. किडीवर काय मारता? शेजारच्या शेतातली फवारणी उडून येऊ नये म्हणून काय करता? या आठवड्यात काय पिकले नाही? दशपर्णी अर्क कसा करतात हे तपशिलाने सांगणारा, फ्लॉवर या महिन्यात नाही म्हणणारा माणूस बहुधा खरा असतो. बारा महिने सगळ्या भाज्या ‘सेंद्रिय’ देणाऱ्याकडे प्रमाणपत्र मागावे, आणि पाकीट असेल तर त्यावरचा १४ आकडी परवाना क्रमांक ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपवर टाकून पाहावा. तक्रारही तिथेच नोंदवता येते.

आणि पावसाळ्यात स्टेशनबाहेर टाकळा, कुरडू, शेवळं, करटोली घेऊन बसलेल्या बायका दिसल्या, तर त्यांच्याकडे शिक्का विचारण्याची गरज नाही. रानात उगवलेल्या या भाज्यांवर कोणी फवारलेले नसते. शेवळं तेवढी नीट साफ करून, काकडे किंवा चिंच घालून शिजवावीत, नाहीतर घसा खाजतो.