विटांआधी खड्डा

डोंगरातल्या पाड्यावर वसतिगृहासाठी कोणी जागा देऊ केली, की विटांआधी खड्ड्यांवर खर्च करावा. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण अतिवृष्टीत डोंगराखाली गाडले गेले. दीडशेच्या आसपास माणसे गेली, बहुतेक महादेव कोळी. आमडे येथे नवे गाव वसवले, तर २०१७ च्या पहिल्याच मोठ्या पावसात तिथले भराव खचले, रस्त्यांना भेगा पडल्या.

सह्याद्रीत कातळ बेसाल्टचा. त्यावर मुरूम आणि माती. पावसाचे पाणी या थरात मुरते, कातळावर अडते. थर जड होतो आणि त्याची पकड सुटते. सपाटीसाठी उतार खणला असेल, तर खालचा आधारही गेलेला असतो. म्हणून तीन-चार ठिकाणी कातळ लागेपर्यंत खड्डे घ्यावेत. वरच्या उतारावर अर्धगोल भेगा, कललेली झाडे, नव्याने फुटलेले झरे दिसले, तर भूवैज्ञानिकाला दाखवल्याशिवाय पाया खणू नये. जागा दानात मिळालेली असली तरीही. (काळ्या मातीचे दुखणे वेगळे: ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, भिंती तडकतात.)

पाहणीची एक फेरी भर पावसाळ्यात ठेवावी, आणि ओढा पूर्वी कुठून वाहायचा हे पाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे.