रथोत्सव आणि टपालशिक्का : एका साधनाची मर्यादा

रथोत्सवात देवता देवालयाबाहेर येऊन ठरलेल्या तिथीस, ठरलेल्या मार्गाने संचार करते. टपालशिक्का मात्र एक स्थळ व एक तारीख कागदावर स्थिर करतो. त्यामुळे रथाचे चित्र असलेला शिक्का हा उत्सवाचा पुरावा आहे, असा समज सहज होतो. तो कितपत ग्राह्य आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

शिक्क्याचा मूळ हेतू स्मरणाचा नव्हे. १६६१ साली इंग्लंडात हेन्री बिशप याने दिवस व महिना दर्शविणारा शिक्का सुरू केला, तो टपालातील विलंब उघडकीस यावा म्हणून. १८४० मध्ये तिकिटे प्रचारात आल्यावर, वापरलेले तिकीट रद्द करणे हे त्याचे दुसरे काम झाले. सचित्र व स्मारक शिक्के ही त्यानंतरची वाढ होय.

पहिली अडचण तिथीची आहे. जळगावचा श्रीरामरथोत्सव १८७२ साली सुरू झाला. तो कार्तिक शुद्ध एकादशीस होतो आणि अवजड रथाच्या चाकांना मोगरी लावून त्याची गती व दिशा सांभाळली जाते. ही एकादशी २०२३ मध्ये २३ नोव्हेंबरला, तर २०२४ मध्ये १२ नोव्हेंबरला आली. म्हणजे शिक्क्यावरील तारीख त्या-त्या वर्षाच्या पंचांगाशी जुळविल्याशिवाय तिला अर्थ येत नाही.

दुसरी अडचण स्थळाची. भारतीय टपाल खात्याने पुरीच्या रथयात्रेवरील तिकीट १२ जुलै २०१० रोजी काढले. त्या वर्षीची यात्रा मात्र आषाढ शुद्ध द्वितीयेस, म्हणजे १३ जुलैला झाली. शिवाय प्रथम दिवसाचा शिक्का देशातील निरनिराळ्या तिकीट-संग्रह केंद्रांत, त्या-त्या शहराच्या नावाने मारला जातो. उद्या प्रतापनगरातील एखाद्या संग्रहात त्या दिवशीचा नागपूरचा शिक्का आढळला, तर त्यावरून नागपुरातील रथाचा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. नागपुरात १९६७ साली सुरू झालेली पोद्दारेश्वर राममंदिराची शोभायात्रा रामनवमीस रथासह निघते. तिचा या शिक्क्याशी काहीही संबंध नाही.

तात्पर्य, शिक्क्याचा प्रकार आधी ओळखावा. प्रथम दिवसाचा शिक्का केवळ तिकीट-प्रकाशनाचा दिवस सांगतो. स्थायी सचित्र शिक्का एका टपालकचेरीत एरवीही वापरात असतो. त्यावरील स्थळ खरे, पण तारीख उत्सवाची असेलच असे नाही. उत्सवस्थळी उत्सवदिनीच मारलेल्या विशेष शिक्क्यात मात्र दोन्ही गोष्टी एकत्र येतात. आणि एखाद्या यात्रेकरूने उत्सवाचा वृत्तांत घरी कळविलेल्या पत्रावर चित्र नसलेला साधा गोल शिक्का असेल, तरी तो अधिक मोलाचा. कारण त्याची तारीख व स्थळ पत्रातील मजकुराशी ताडून पाहता येतात. संग्राहक चित्राकडे पाहतो. संशोधकाने चित्राभोवतीची अक्षरे प्रथम वाचावीत.