उमराहचं हॉटेल ठरवताना अंतराबरोबर पायऱ्याही विचारा

उमराहला जायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो, "पॅकेज कितीला?" दुसरा, "हॉटेल हरमपासून किती लांब?" "पायऱ्या किती?" हा तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. आम्हीही विचारला नव्हता.

आमच्या अम्मींचे दोन्ही गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर काठी घेऊन हळूहळू चालतात, पण पायरी आली की थांबतात. टूरवाल्यांनी सांगितलं होतं, "हॉटेल चारशे मीटरवर आहे, लिफ्ट आहे." दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. फक्त रस्त्यापासून लिफ्टपर्यंत अकरा पायऱ्या होत्या आणि धरायला कठडा नव्हता. मक्केतल्या सहा दिवसांत अम्मींच्या बहुतेक नमाजा खोलीतच झाल्या. "अजान ऐकू येते, तेही नशीब," असं त्या म्हणायच्या. आयुष्यभर पै-पै साठवून गेलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकणं सोपं नव्हतं. इतरांवर ही वेळ येऊ नये म्हणून हे लिहीत आहोत.

मक्का आणि मदीना वेगवेगळं बघा

मक्का शहर डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात आहे आणि हरम त्याच्या सखल भागात. त्यामुळे अनेक स्वस्त हॉटेलं चढावर आहेत. अजयादच्या बाजूला हे जास्त जाणवतं. जाताना उतार बरा वाटतो, पण नमाज पढून परतताना तोच चढ होतो. म्हणून मीटरसोबत "रस्ता सपाट आहे की चढाचा?" हेही विचारा. तीनशे मीटर चढापेक्षा सातशे मीटर सपाट रस्ता व्हीलचेअरला परवडतो.

अजीजिया भाग हरमपासून काही किलोमीटर लांब आहे. तिथे भाडं कमी असतं, पण मग सगळं बसवर अवलंबून. बसची पहिली पायरी उंच असते, हे विसरू नका. टॅक्सीचा खर्च धरून हिशोब केला तर "स्वस्त" पॅकेज कधी कधी महाग पडतं.

मदीनेत मस्जिद-ए-नबवीच्या आसपासचा परिसर बराचसा सपाट आहे. तिथे महिलांच्या नमाजची जागा मस्जिदीच्या उत्तर बाजूला आहे. सोबत वयस्कर महिला असेल तर उत्तरेकडचं हॉटेल घ्या. थोडं लांब असलं तरी फेरा वाचतो.

"लिफ्ट आहे" एवढ्यावर थांबू नका

बुकिंगआधी हे प्रश्न विचारा:

- रस्त्यापासून लिफ्टच्या दारापर्यंत पायऱ्या किती? उतरंड (रॅम्प) आहे का?
- लिफ्ट किती आणि खोल्या किती? नमाजच्या वेळी सगळे एकदमच निघतात.
- लिफ्ट थेट आपल्या मजल्यावर थांबते का? जेवणाच्या हॉलपर्यंत जाते का?
- बाथरूमच्या दारात उंबरा आहे का? कमोड आहे का? टबमध्ये चढून अंघोळ करावी लागते का?
- लिफ्टचं आणि बाथरूमचं दार किती रुंद? आधी आपली व्हीलचेअर घरी टेपने मोजून ठेवा.

उत्तर तोंडी घेऊ नका. रस्त्यावरून सुरू करून लिफ्ट, खोली आणि बाथरूमपर्यंतचा न तोडलेला व्हिडिओ व्हॉट्सॲपवर मागवा. दोन मिनिटांचं काम आहे. देत नसतील तर समजून जा. "अमुक हॉटेल किंवा त्या दर्जाचं दुसरं" असं पॅकेजमध्ये लिहिलेलं असतं. तिथे "पायऱ्या नसलेलं" हे शब्द लेखी घालून घ्या.

खोली शक्यतो खालच्या मजल्यावरची मागा. लिफ्ट बंद पडली तर दोन मजले उतरणं आणि बारा मजले उतरणं यात फार फरक आहे. नकाशावर हॉटेल शोधून लोकांनी टाकलेले फोटोही बघा. हॉटेलवाले खोलीचा फोटो देतात, पाहुणे दरवाजाचा देतात.

प्रवासातल्या पायऱ्या

विमानाचं तिकीट काढतानाच व्हीलचेअर नोंदवा, निदान 48 तास आधी तरी. त्यात प्रकार असतात. "डब्ल्यूसीएचआर" म्हणजे लांब चालता येत नाही, पण पायऱ्या चढता येतात. "डब्ल्यूसीएचएस" म्हणजे पायऱ्या चढता येत नाहीत. चुकीचा प्रकार लिहिला गेला तर विमानाच्या शिडीपाशी पंचाईत होते. एजंटकडून तिकिटावर बघून घ्या.

मक्का ते मदीना अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. ग्रुपच्या बसऐवजी 2018 पासून सुरू झालेली हरमैन रेल्वे गुडघ्यांना सोपी पडते. भाडं जास्त आहे, पण घरातल्या एका वयस्कर माणसासाठी आणि सोबत एकासाठी विचार करण्यासारखं आहे.

हरममध्ये तवाफ आणि सईसाठी व्हीलचेअर चालते, वरच्या मजल्यांवर इलेक्ट्रिक गाड्याही भाड्याने मिळतात. म्हणजे हरमच्या आत सोय आहे. अडचण होते ती हॉटेलच्या दारात.

खर्च कुठे वाचवायचा

बजेट कमी असेल तर खोलीचा थाट, बुफे, खिडकीतला देखावा सोडा. दिवस कमी करा. रमजान आणि शाळांच्या सुट्ट्या टाळा. पण सपाट रस्ता आणि पायऱ्यांशिवायचं दार यावर काटकसर करू नका.

दुसऱ्यांदा आम्ही जरा लांबचं, साधं हॉटेल घेतलं. दारात एकही पायरी नव्हती. अजानच्या पाऊण तास आधी निघायचो आणि गर्दी ओसरल्यावर परतायचो. अल्हम्दुलिल्लाह, त्या वेळी अम्मींची फज्र रोज हरममध्ये झाली.

फॉर्म भरण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारा, "किती पायऱ्या जमतील?" ते संकोचाने "जमेल" म्हणतील. त्यावर जाऊ नका. जिन्यापाशी नेऊन बघा आणि मगच पैसे भरा.